केगवर्थ, १९८९: कोणी न पाहिलेली कंपनाची तबकडी

८ जानेवारी १९८९ च्या रात्री ब्रिटिश मिडलंड कंपनीच्या बोइंग ७३७-४०० विमानाचं डावं इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. एवढ्या एका वाक्यात सांगितला की हा अपघात अक्षम्य वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एवढ्याच वाक्यात सांगितला जातो. पण त्या कॉकपिटमध्ये डाव्या इंजिनाचं कंपन दाखवणारी एक तबकडी होती. ती बिघडलेली नव्हती. तिच्यावरची खूण मोजमापाच्या टोकाला, म्हणजे पाचच्या आकड्याला जाऊन भिडली होती. माहिती खरी होती, वेळेवर आलेली होती, दोन्ही वैमानिकांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. तरीही ती दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. ती का शिरली नाही, हेच मला या प्रकरणात तपासायचं आहे. कॉकपिटमधल्या पडद्यांची आणि तबकड्यांची मांडणी वैमानिकाच्या डोक्यावरचा भार कसा हलका करते किंवा वाढवते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

त्या एकोणीस मिनिटांत काय झालं

लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या त्या विमानात ११८ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. विमान जवळजवळ कोरं होतं, त्याचे एकूण उड्डाणतास होते ५२१. संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी त्यानं धावपट्टी सोडली. ८ वाजून ५ मिनिटांनी, २८,३०० फुटांवरून वर चढत असताना, डाव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याच्या एका पात्याचा बाहेरचा तुकडा तुटला. विमान थरथरायला लागलं, धडधड ऐकू आली, कॉकपिटमध्ये जळाल्याचा वास आणि थोडा धूर आला. आगीची घंटा मात्र वाजली नाही, कारण आग तेव्हा लागलेली नव्हती.

कॅप्टननं ऑटोपायलट काढून विमान स्वतःच्या हातात घेतलं. बिघाड कुठल्या इंजिनात आहे असं त्यानं विचारल्यावर सहवैमानिकानं आधी ‘डाव्या’ म्हणायला सुरुवात केली आणि शब्द अर्धवट सोडून ‘उजव्या’ असं सांगितलं. कॅप्टननं उजव्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यायला सांगितला. तेवढ्यात थरथर आणि धडधड कमी झाली.

या एका योगायोगानं पुढचं सगळं ठरवलं. थ्रॉटल मागे घेण्यासाठी ऑटोथ्रॉटल, म्हणजे थ्रॉटल आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बंद करावा लागला होता. तोवर ऑटोथ्रॉटल दुखावलेल्या डाव्या इंजिनाचा वेग टिकवण्यासाठी त्यात इंधन ओतत होता, आणि त्यामुळेच ते इंजिन धडधडत होतं. तो बंद होताच डावं इंजिन किंचित कमी वेगावर स्थिरावलं आणि शांत झालं. कॉकपिटमध्ये बसलेल्यांना दिसलं ते एवढंच, की उजवं मागे घेतलं आणि त्रास थांबला. आपलं निदान बरोबर ठरलं असं कुणालाही वाटलं असतं. बिघाड सुरू झाल्यापासून २ मिनिटं ७ सेकंदांनी उजवं, पूर्ण धडधाकट इंजिन बंद करण्यात आलं.

विमान जवळच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे वळलं. उतरताना इंजिनावर फारसा जोर नसतो, म्हणून डावं इंजिन तग धरून राहिलं. शेवटच्या टप्प्यात पुन्हा जोर लावावा लागला, तेव्हा ते खचलं. धावपट्टी २.४ सागरी मैल दूर आणि विमान ९०० फुटांवर असताना त्याची शक्ती एकदम गेली. १७ सेकंदांनी आगीची सूचना आली. उजवं इंजिन पुन्हा सुरू करायला ना उंची उरली होती ना वेळ. ८ वाजून २४ मिनिटांनी विमान केगवर्थ गावाजवळ एम-१ महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली. ७९ वाचली, त्यांतली बहुतेक गंभीर जखमी होती.

तबकडी बदलली, कामही बदललं

कॅप्टनकडे तेरा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता, सहवैमानिकाकडे तीन हजारांहून अधिक. पण ७३७-४०० या प्रकारावर कॅप्टनचे तास होते २३ आणि सहवैमानिकाचे ५३. दोघंही ७३७ च्या आधीच्या आवृत्तीवरून इकडे आले होते. दोन विमानं बरीचशी सारखी असल्यानं फरक समजावणारं एक दिवसाचं प्रशिक्षण पुरेसं मानलं गेलं होतं. नव्या इंजिन-तबकड्यांचा सराव करता येईल असा सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता. म्हणजे या तबकड्यांवर बिघडलेलं इंजिन कसं दिसतं, हे दोघांनी त्या रात्रीपर्यंत कधी पाहिलेलंच नव्हतं.

जुन्या ७३७ मध्ये इंजिनाच्या तबकड्या यांत्रिक होत्या. मध्यापासून कडेपर्यंत पोचणारा लांब काटा, दोन्ही इंजिनांच्या तबकड्या शेजारी शेजारी. सगळं ठीक असेल तर दोन काटे समांतर उभे राहतात. एक जरी हलला तर ती समांतर रेघ मोडते, आणि हे मोडणं डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. त्यासाठी आकडा वाचावा लागत नाही. डोक्यावरचा भार कमी करणं म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही. वाचण्याचं काम पाहण्यावर सोपवलेलं असतं, आणि पाहणं माणसाला जवळजवळ फुकट पडतं.

७३७-४०० मध्ये या तबकड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक संच आला. लांब काट्याऐवजी तबकडीच्या बाहेरच्या कडेनं फिरणारी प्रकाशाची आखूड खूण, आणि मुख्य तबकड्यांच्या मध्यभागी आकडा. देखभालीच्या दृष्टीनं हा संच चांगला होता, हलका होता, विश्वासार्ह होता. कागदावर तपासलं तर पूर्वी दाखवलं जाणारं सगळं इथंही दाखवलं जात होतं. पण आकडा अचूकता देतो, हालचाल दाखवत नाही. आकडा सतत बदलू लागला तर वाचताही येत नाही. आणि कडेनं फिरणारी आखूड खूण कुठल्या कोनात आहे हे पाहायला नजर तिच्यावर नेऊन ठेवावी लागते. जे काम डोळ्याच्या कोपऱ्यातून होत होतं, ते आता मुद्दाम लक्ष देऊन करावं लागणार होतं. माहिती तीच राहिली आणि ती मिळवण्याची किंमत वाढली.

कंपनाच्या तबकडीची स्थिती याहून वाईट होती. ती लहान होती, दुय्यम गटात होती, आणि मर्यादा ओलांडली हे सांगणारा लाल पट्टा तिच्यावर नव्हता. खूण पाचवर गेली तरी ना रंग बदलत होता, ना दिवा लागत होता, ना आवाज होत होता. शिवाय कंपनाच्या तबकड्यांवर वैमानिकांचा विश्वासच नव्हता. जुन्या विमानांत त्या वाटेल ते दाखवत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं ही सवय अनेकांच्या अंगात मुरली होती. नव्या विमानातला संवेदक पुष्कळ सुधारलेला होता, पण सुधारणा झाली आहे हे त्या तबकडीकडे बघून कळायला मार्ग नव्हता. एखाद्या उपकरणाचं नाव एकदा खराब झालं की केवळ आतली यंत्रणा बदलून ते धुतलं जात नाही, हे रचनाकारांनी गृहीत धरायलाच हवं. कॅप्टननं नंतर सांगितलं की तो कंपनाच्या तबकड्यांकडे सहसा पाहत नसे. इंजिनाच्या तबकड्यांवर नजर टाकली पण स्पष्ट काही हाती लागलं नाही, असंही तो म्हणाला. सहवैमानिकालाही त्या क्षणी काही वेगळं दिसल्याचं नंतर आठवलं नाही. उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात मात्र सगळं होतं: डाव्या पंख्याचा हेलकावणारा वेग, डाव्या इंजिनाचं वाढलेलं तापमान, इंधनाचा अस्थिर प्रवाह, आणि उजव्या इंजिनाच्या नोंदी सरळ रेषेत.

मांडणीचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या संचात मुख्य तबकड्या डाव्या अर्ध्या भागात होत्या, दुय्यम उजव्या अर्ध्या भागात. प्रत्येक भागात दोन्ही इंजिनांचे दोन उभे रकाने. त्यामुळे डाव्या इंजिनाची कंपनाची तबकडी उजव्या इंजिनाच्या मुख्य तबकड्यांच्याही उजवीकडे पडत होती. खाली थ्रॉटल मात्र दोनच: डावा डाव्या इंजिनाचा, उजवा उजव्याचा. चार शेगड्यांच्या गॅसवर बटणं एका ओळीत असली की कुठलं बटण कुठल्या शेगडीचं हे घरातल्या माणसालाही क्षणभर थांबून ठरवावं लागतं, दोन शेगड्यांच्या साध्या गॅसवर तो प्रश्न कधी येत नाही. इथं बटणं दोन होती आणि रकाने चार. शांत आकाशात हे भाषांतर मनातल्या मनात होऊन जातं. विमान हादरत असताना, नाकात जळका वास असताना, ‘उजव्या भागातलं डावं’ ही उकल करायला जो अर्धा क्षण लागतो तोच नेमका हाती नसतो.

या मांडणीच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, आणि तपास अहवालानं ते मांडलं होतं. दोन्ही इंजिनांच्या एकाच प्रकारच्या तबकड्या शेजारी असल्या की तुलना सोपी जाते. प्रत्येक इंजिनाचं सगळं आपापल्या थ्रॉटलच्या वर ठेवलं तर बाजू चुकत नाही, पण तुलना लांबते. म्हणजे एका कामाचा भार हलका करताना दुसऱ्याचा वाढतो. रोजच्या उड्डाणात तुलनेचं काम जास्त वेळा येतं. बाजू ठरवण्याचं काम दहा हजार उड्डाणांत एखाद्या वेळी येतं, पण त्या वेळी त्यावर सगळ्यांचे जीव असतात. माझं मत विचाराल तर मांडणी त्या एका वेळेसाठी करावी. रोजच्या तुलनेसाठी माणूस सवय लावून घेतो.

डोक्यावर नेमका कशाचा भार होता

मानसिक भार म्हटलं की कामांची संख्या डोळ्यांपुढे येते. केगवर्थच्या प्रकरणात तीही होतीच. विमान हातानं उडवायचं, दिशा बदलायची, लंडनच्या नियंत्रण कक्षाशी बोलायचं, कुठं उतरायचं हे कंपनीशी ठरवायचं, तपासणीच्या याद्या वाचायच्या. पण भाराचा खरा घटक वेगळा होता. समोर आलेल्या खुणा एकमेकींशी जुळवून एक चित्र उभं करायचं होतं, आणि ते चित्र एकदा उभं राहिलं की त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधायला वेगळी शक्ती लागते. थकलेलं, घाईतलं मन ती शक्ती खर्च करत नाही. त्यात आळस नसतो. मन आपली उरलेली ताकद पुढच्या कामासाठी राखून ठेवत असतं.

धुराचंच पाहा. धूर प्रवासी कक्षाकडून पुढे येतोय असं कॅप्टनला वाटलं, आणि वातानुकूलनाची हवा कुठल्या इंजिनाकडून कुठे जाते याच्या त्याच्या माहितीनुसार त्यावरून उजव्या इंजिनाकडे बोट जात होतं. तर्क ऐकायला बरा होता, पण त्यावर एवढा निर्णय तोलण्याइतका भक्कम नव्हता. लक्ष द्यायची गोष्ट ही, की एक माणूस नाकाला येणाऱ्या वासावरून आणि विमानाच्या नळ्यांच्या आठवणीवरून निदान करत होता, तेव्हा खरं निदान समोरच्या पटलावर तयार होतं. नाक जिंकलं आणि पटल हरलं, कारण वास न बोलावता आला आणि तबकडी बोलावल्याशिवाय काही सांगणार नव्हती.

या मधल्या काळात चूक सुधारण्याची संधी पुन्हा आली होती. बिघाडानंतर ४३ सेकंदांनी इंजिन बंद करण्याचा हुकूम देऊनही कॅप्टननं जरा थांबून बघू असं म्हटलं होतं, कारण विमान आता ठीक चालत होतं. पुढे, उजवं इंजिन बंद झाल्यावर, त्यानं स्वतःहून उजळणी सुरू केली: आपल्याला नेमक्या कुठल्या खुणा मिळाल्या होत्या, असं तो सहवैमानिकाला विचारू लागला. अगदी योग्य प्रश्न, अगदी योग्य वेळी. तेवढ्यात रेडिओवर नियंत्रण कक्षाचा संदेश आला, आणि उजळणी अर्धवट राहिली ती राहिलीच. त्याच सुमारास सहवैमानिक उड्डाण-व्यवस्थापनाच्या संगणकात ईस्ट मिडलंड्सला उतरण्याचा मार्ग भरण्याची खटपट करत होता. ते जमेना, आणि त्यात सुमारे दोन मिनिटं गेली. हे वाचताना मला दरवेळी हळहळ वाटते. भार हलका करण्यासाठी बसवलेल्या यंत्रानं, जेव्हा भार सर्वांत जास्त होता तेव्हाच, दोन डोळे आणि दोन हात अडकवून ठेवले.

उजळणी रेडिओनं तोडली तेव्हा समोरच्या पटलानं काय करायला हवं होतं? प्रश्न कॅप्टननं विचारला होता, त्याचं उत्तर नोंदीत पडून होतं. बिघाड सुरू झाला तेव्हाचं दोन्ही इंजिनांचं चित्र पकडून ठेवणारा एक कोपरा पटलावर असता, तर ती उजळणी करायला कुणाची आठवण लागली नसती. आठवण ही अशा वेळी पहिल्यांदा दगा देणारी गोष्ट आहे.

प्रवासी कक्षात वेगळंच घडत होतं. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा अनेक प्रवाशांनी आणि मागच्या कर्मचाऱ्यांपैकी तिघांनी पाहिल्या. कॅप्टननं घोषणा केली ती उजव्या इंजिनात बिघाड होता आणि ते बंद केलं आहे अशी. काहींच्या मनात शंका आली, पण कॉकपिटपर्यंत कुणी गेलं नाही. वैमानिक सांगतो आहे म्हणजे त्याला ठाऊक असणार, असा विचार त्यामागे होता. कॉकपिटमधून इंजिनं दिसत नाहीत, हे बहुतेकांना माहीत नसतं. तपास अहवालानं विमानाच्या बाहेर कॅमेरे बसवण्याचा अभ्यास व्हावा असं सुचवलं, ते यामुळेच.

दोष कुणाचा

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेचा अहवाल १९९० मध्ये आला. वैमानिकांनी घाई केली, प्रशिक्षणाविरुद्ध वागले, तबकड्यांवरची माहिती समजून घेण्याआधी थ्रॉटल मागे घेतला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते खरंच आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. दोघांनाही नोकरी गमवावी लागली. पण त्याच अहवालात पुढे ज्या शिफारशी आहेत त्या वाचल्या तर तपास करणाऱ्यांनी किती खोलवर पाहिलं होतं ते कळतं. कंपन टोकाला गेलं की वैमानिकाचं लक्ष वेधणारी सोय या तबकड्यांवर करावी, असं त्यांनी सांगितलं. आणि नवीन प्रकारच्या तबकड्या मंजूर करताना त्या माहिती किती परिणामकारकपणे पोचवतात हे मोजण्याची एक ठरलेली पद्धत असावी, ती नेहमीच्या आणि बिघाडाच्या अशा दोन्ही स्थितींत लावावी, आणि त्यासाठी रोज विमानं उडवणारे सामान्य वैमानिक वापरावेत, हेही.

ही शेवटची शिफारस सोन्यासारखी आहे. तोवर नवी तबकडी तपासताना ती जुनीइतकीच माहिती देते का, हे पाहिलं जाई. पाहणारे बहुधा चाचणी-वैमानिक असत, ज्यांना आज काहीतरी बिघडणार आहे हे आधीच ठाऊक असतं. अचानक दचकलेला माणूस त्या चाचणीत नसायचा. तबकडी वाचता येते का आणि दचकलेल्या माणसाला ती वाचावीशी वाटते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या शेकडो चुका गोळा करून दाखवलं होतं की ज्यांना ‘वैमानिकाची चूक’ म्हणतात त्यांतल्या कितीतरी मुळात मांडणीच्या चुका आहेत. ते ज्ञान बेचाळीस वर्षं उपलब्ध होतं.

भार मोजण्याच्या साधनांचीही इथं मर्यादा दिसते. अपघाताच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, सॅन्ड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलंड यांनी नासाची टीएलएक्स पद्धत प्रसिद्ध केली होती. काम संपल्यावर माणूस स्वतःच सहा बाजूंनी भाराला गुण देतो: मनावरचा ताण, शरीरावरचा ताण, वेळेची ओढ, कामगिरी, श्रम आणि वैताग. पद्धत उपयोगी आहे आणि आजही सर्रास वापरली जाते. पण ती एका तासाच्या उड्डाणाचा हिशोब देते. केगवर्थचा निकाल पहिल्या वीसेक सेकंदांतच लागला होता. तेवढ्या अवधीत नजर कुठं गेली, किती वेळ थांबली आणि कुठं गेलीच नाही, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानं मोजलं पाहिजे. कॉकपिटचं पटल तपासताना मी पहिला भर यावर देईन.

मग सगळंच ओरडून सांगावं का

नाही, आणि याचंही उदाहरण आहे. ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या असंख्य तारा तोडल्या. विमानात ४६९ माणसं होती. ईकॅम या एअरबसच्या सूचना-यंत्रणेनं एकामागून एक इतके संदेश दाखवले की ते हाताळायलाच सुमारे ५० मिनिटं लागली. त्या दिवशी सुदैवानं कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते, आणि सगळे सुखरूप उतरले. तिथं कॅप्टननं डोक्यातली दिशाच उलटी केली: काय मोडलंय हे मोजत बसण्याऐवजी काय शाबूत आहे ते पाहू या. हे पटलानं त्याला सुचवलं नव्हतं. केगवर्थमध्ये पटल गप्प राहिलं, क्वांटासमध्ये ते थांबेना. दोन्हीकडे चित्र जुळवण्याचं काम माणसाच्याच गळ्यात पडलं.

आपल्याकडचं एक उदाहरणही याच सुमाराचं आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर पडलं, १४६ पैकी ९२ जण गेले. इंजिनं विहित वेगाऐवजी किमान शक्तीवर ठेवणाऱ्या पद्धतीत विमान उतरत होतं, आणि ती कुठली पद्धत आहे हे समोरच्या पडद्याच्या वरच्या कडेला छोट्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तिथंही माहिती होती. वैमानिकांच्या ध्यानात ती फार उशिरा आली.

एअरबसच्या त्याच ईकॅममध्ये केगवर्थला हवी असलेली एक गोष्ट मात्र आहे. इंजिनाचं कंपन ठरावीक आकड्यापुढे गेलं की इंजिनाचं पान आपोआप समोर येतं आणि तो आकडा उजळ-मंद होत राहतो. घंटा नाही, लाल दिवा नाही. फक्त न मागता समोर येणं, आणि बाकी सगळं स्थिर असताना एकाच आकड्यानं हलणं. जुन्या यांत्रिक काट्याचा गुण नव्या पडद्यात परत आणण्याचा हा शहाणा मार्ग आहे.

केगवर्थच्या पटलाची मांडणी आज करायची तर मी कंपनाची खूण त्या त्या इंजिनाच्या थ्रॉटलच्या सरळ रेषेत वर आणीन. दोन इंजिनांमध्ये फरक पडू लागला की तो फरकच दाखवीन, दोन वेगवेगळे आकडे देऊन वजाबाकी वैमानिकावर सोडणार नाही. बिघाडाच्या क्षणाचं चित्र गोठवून ठेवीन, म्हणजे रेडिओनं उजळणी तोडली तरी ती जिथं सुटली तिथून उचलता येईल. आणि इंजिन बंद करायच्या पायरीवर पडदा एकदाच, मोठ्या अक्षरांत सांगेल: तुम्ही उजवं बंद करताय, कंपन डाव्यात आहे. निर्णय वैमानिकाचाच राहील. विसंगती त्याला स्वतः शोधावी लागणार नाही.

एवढं करूनही काम संपत नाही, हे ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईमध्ये दिसलं. ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० विमानाच्या उजव्या इंजिनाचा पंखा उड्डाणानंतर लगेच आपोआप निष्क्रिय झाला. आधुनिक पडद्यावर त्याची सूचना बरोबर आली, बाजूही बरोबर होती. तरी कॅप्टननं डाव्या, चांगल्या इंजिनाची शक्ती काढून घेतली. सहवैमानिकानं थांबून पडताळून पाहू असं सुचवलं होतं. ५८ पैकी ४३ माणसं गेली. चुकीचा थ्रॉटल ओढला हे कॅप्टनच्या तोंडून निघालं तोवर हाती काही उरलं नव्हतं. इथं पडद्यानं इंजिनाची स्थिती सांगितली, पण हात चुकीच्या दांड्यावर गेला तेव्हा तो काही बोलला नाही. बहुतेक पटलांची रचना यंत्राकडे पाहते, माणूस यंत्राला काय करतो आहे याकडे पाहत नाही. पुढचं काम मला इथं दिसतं.

केगवर्थनंतर पाच महिन्यांनी, जून १९८९ मध्ये, त्याच प्रकारच्या इंजिनांत दोन दिवसांच्या अंतरानं आणखी दोनदा पंख्याचं पातं तुटलं. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. पात्यांचा दोष सापडला आणि दुरुस्त झाला: उंचीवर, जास्त शक्तीवर चालताना येणारं एक कंपन जमिनीवरच्या चाचण्यांत दिसलंच नव्हतं. इंजिनाचा प्रश्न असा सुटला. पटलाचा प्रश्न रेंगाळला. बोइंगनंच ७५७ आणि ७६७ या विमानांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयकॅस ही एकत्रित सूचना-यंत्रणा आणली होती. ७३७ मध्ये ती आजही नाही. अमेरिकेच्या २०२० च्या कायद्यानं नव्या विमानांना अशी यंत्रणा सक्तीची केली, पण त्याची मुदत संपत आली तेव्हा, डिसेंबर २०२२ मध्ये, तिथल्या संसदेनं ७३७ मॅक्सच्या दोन आवृत्त्यांना सवलत दिली. वेगळं पटल दिलं तर ७३७ उडवणाऱ्या हजारो वैमानिकांना दोन प्रकारच्या कॉकपिटमध्ये ये-जा करावी लागेल आणि त्यातून नव्या चुका होतील, असा सवलतीच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. २३ तासांचा अनुभव घेऊन नव्या पटलासमोर बसलेल्या कॅप्टनचं प्रकरण माहीत असलेल्याला तो युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. पण त्यावर उपाय म्हणून जुनं पटल कायम ठेवणं मला पटत नाही. सिम्युलेटरमधले तास वाढवायला हवेत, आणि त्या तासांत विमान न सांगता हादरायला हवं.